हात चाकणचे, दृष्टी परक्यांची!

इ. स. १६६० चा पावसाळा. चाकणच्या संग्रामदुर्गाला शाइस्तेखानाच्या अफाट फौजेचा वेढा पडला होता. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि त्यांचे मूठभर मावळे. समोरून आलेला प्रत्येक हल्ला त्यांनी परतवला. पन्नासहून अधिक दिवस उलटले, तरी हा लहानसा भुईकोट मोगलांच्या हाती येईना. अखेर खानाने समोरची लढाई बाजूला ठेवून जमिनीखालचा मार्ग धरला. बुरुजाच्या पोटापर्यंत भुयार खणण्यात आले, त्यात दारू ठासण्यात आली आणि बत्ती दिली गेली. बुरूज उडाला. गड पडला तो शौर्य उणे पडले म्हणून नव्हे. पायाखाली काय शिजते आहे ते पाहणारा डोळा गडावर नव्हता, म्हणून तो पडला.

असा डोळा आज जगाने घडविला आहे. तो ज्वालामुखीच्या पोटात डोकावतो, पिरॅमिडच्या पाषाणातील पोकळी शोधतो, वितळलेल्या अणुभट्टीच्या बंदिस्त गाभ्याचा ठाव घेतो. त्यासाठी तो ना सुरुंग लावतो, ना छिद्र पाडतो. आकाशातून अहोरात्र कोसळणारे विश्वकिरणांचे कण हाच त्याचा प्रकाश. या कणांच्या अभ्यासात ज्या देशाची पावले सर्वांत आधी पडली, त्यांत भारत होता. मग ज्वालामुखीचे अंतरंग टिपणाऱ्या देशांची नावे निघतात तेव्हा जपान, इटली, फ्रान्स ही नावे ठळकपणे पुढे येतात आणि भारताचे नाव का येत नाही? हा प्रश्न शास्त्रज्ञांपुरता नाही. ज्या चाकणच्या हातांनी आज जगाच्या मोटारी घडतात, त्या चाकणलाही तो विचारला पाहिजे.

कौलारू घराचे गणित

अंतराळातून येणारे अतिवेगवान कण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळतात. त्या संघातातून अल्पायुषी कण जन्मतात आणि त्यांच्या विघटनातून ‘म्युऑन’ निर्माण होतो. इलेक्ट्रॉनचाच हा थोरला भाऊ; वजनाने त्याच्या सुमारे २०७ पट. आयुष्य म्हणाल, तर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दुप्पट-सव्वादुप्पट. एवढ्या आयुष्यात तो जमिनीपर्यंत पोहोचूच नये. पण जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावत असल्याने सापेक्षता सिद्धान्तानुसार त्याचे आयुष्य आपल्या दृष्टीने लांबते. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्युऑन पडतो. म्हणजे उघड्या तळहातातून दर मिनिटाला शंभराच्या घरात म्युऑन आरपार निघून जातात आणि त्याची जाणीवही होत नाही.

क्ष-किरण हाडापाशी अडतात. वेगवान म्युऑन शेकडो मीटर खडक भेदून जातो. मात्र वाटेत जितका जाड आणि जितका घट्ट खडक, तितके अधिक म्युऑन वाटेतच विराम पावतात. कौलारू घरात राहिलेल्या माणसाला यातले मर्म सांगावे लागणार नाही. कौल सरकले असेल तर नेमकी तेथेच गळती वाढते. छपरावर न चढताही कोणते कौल सरकले ते घरात बसून सांगता येते. डोंगराच्या पायथ्याशी एकामागे एक संवेदक पट्ट उभे करायचे, कोणत्या दिशेने किती म्युऑन आले ते आठवडेच्या आठवडे मोजायचे आणि मोकळ्या आकाशातून येणाऱ्या संख्येशी ताडून पाहायचे. जेथे अपेक्षेपेक्षा अधिक कण आले तेथे पोकळी किंवा विरळ खडक. जेथे कमी आले तेथे घट्ट पाषाण. अशा रीतीने डोंगराच्या घनतेचे चित्र हळूहळू उमटते.

या विद्येला मर्यादा आहेत आणि त्या झाकण्याचे कारण नाही. म्युऑन वरून आणि आडवे येतात, खालून येत नाहीत. त्यामुळे उपकरण ज्या पातळीवर ठेवले त्याच्या वरचाच भाग दिसतो. कित्येक किलोमीटर खोल असलेले शिलारसाचे कोठार दिसत नाही. उद्रेकाची तिथी सांगणारे हे पंचांग नव्हे. परंतु विवराचा तळ कोठे आहे, वरची नळी मोकळी आहे की बुजली आहे, दोन उद्रेकांच्या मध्ये आत काय बदलले, हे त्यातून कळू शकते. ज्याच्या पायथ्याशी गावे वसली आहेत, त्याला एवढे कळणेही थोडे नाही.

इतरांनी काय केले?

१९५५ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका बोगद्यात ई. पी. जॉर्ज यांनी विश्वकिरण मोजून बोगद्यावरील खडकाचा भार अजमावला. पुढे अमेरिकेच्या लुई अल्वारेझ यांनी इजिप्तमधील खाफ्रेच्या पिरॅमिडखाली उपकरण ठेवून गुप्त दालनांचा शोध घेतला. १९७० मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला : तपासलेल्या भागात दालन नाही. ‘नाही’ हे उत्तरही विज्ञानात उत्तरच असते!

ज्वालामुखीकडे हे तंत्र वळविले ते जपानने. १९९० च्या दशकात नागामिने यांच्या गटाने त्सुकुबा पर्वतावर त्याची चाचणी घेतली. २००७ मध्ये हिरोयुकी तानाका यांच्या गटाने असामा या धगधगत्या ज्वालामुखीच्या शिखराचे अंतरंग दाखविले आणि २००९ मध्ये तो जागा झाला तेव्हा उद्रेकाच्या आधीचे व नंतरचे चित्र ताडून पाहिले. इटलीने व्हेसुव्हियसपाशी, फ्रान्सने ग्वादलूप बेटावरील ला सूफ्रियेरपाशी हीच उपकरणे उभी केली. २०१५ मध्ये फुकुशिमाच्या पहिल्या अणुभट्टीचे असे चित्र घेतले गेले, तेव्हा मूळ जागी इंधन उरलेलेच नाही हे दिसून आले. जेथे माणूस पाय ठेवू शकत नव्हता, तेथे म्युऑन जाऊन आला. २०१७ मध्ये खुफूच्या महापिरॅमिडमध्ये किमान ३० मीटर लांबीची अज्ञात पोकळी असल्याचे जाहीर झाले. चीनच्या लांझोउ विद्यापीठाने तर शिआन शहराची पुरातन तटबंदी याच पद्धतीने तपासली.

आणखी एक उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारे आहे. जपानच्या साकुराजिमा ज्वालामुखीपाशी उभ्या असलेल्या उपकरणांत हंगेरीच्या विग्नर संशोधन केंद्राने विकसित केलेल्या संवेदकांचा मोठा वाटा आहे. हंगेरी हा सुमारे एक कोटी लोकवस्तीचा देश. त्याच्या भूमीवर एकही जागता ज्वालामुखी नाही. तरीही जपानसारख्या यंत्रसंपन्न राष्ट्राला त्याच्या संवेदकांची गरज वाटते. देशाचा आकार, लोकसंख्या, पैसा या सबबी या एका उदाहरणापुढे गळून पडतात.

हातात आलेले निसटले

भारताची कथा मात्र पहिल्या पानावर उज्ज्वल आणि पुढच्या पानांवर खेदजनक आहे. वेगाने धावणाऱ्या या कणाचे आयुष्य लांबलेले दिसेल, हे होमी भाभांनी १९३८ मध्येच मांडले होते. त्याच सुमारास कोलकात्याच्या बोस संस्थेचे देबेंद्रमोहन बोस आणि त्यांच्या तरुण सहकारी बिभा चौधुरी हिमालयाच्या उंचीवर छायाचित्रणाच्या काचा मांडून विश्वकिरणांचे माग टिपत होते. इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट वजनाच्या कणांचे पुरावे त्यांनी १९४१-४२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पण महायुद्ध पेटले होते. अधिक संवेदनशील लेप असलेल्या काचा बाहेरून येणार, त्या मिळेनात. काम तेथेच अडले. पुढे ब्रिटनमध्ये सेसिल पॉवेल यांनी सुधारित लेपाच्या काचा वापरून १९४७ मध्ये पायॉन कण शोधला आणि १९५० चे नोबेल त्यांना मिळाले. बिभा चौधुरी १९४९ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हाही देश त्यांना ओळखत नव्हता. २०१९ मध्ये एका दूरच्या ताऱ्याला ‘बिभा’ हे नाव मिळाले. आकाशात नाव लागले. पाठ्यपुस्तकात कधी लागणार?

यातली सल नीट समजून घेतली पाहिजे. बुद्धी इथली होती, पर्वत इथला होता, कल्पना इथली होती. अडले ते एका काचेपाशी! ती काच इथे बनत नव्हती. आणि खुफूच्या पिरॅमिडमधील पोकळी प्रथम टिपली कशाने? जपानच्या नागोया विद्यापीठाने जोपासलेल्या त्याच जातीच्या, कणांचे माग उमटवणाऱ्या लेपाच्या फिल्मने. इतरांनी ज्याला जुने तंत्र म्हणून निरोप दिला, ते नागोयाने स्वतःच्या घरात सांभाळले, वाढविले आणि त्याच्या बळावर साडेचार हजार वर्षांचे रहस्य गाठले.

दुसरी कथा कोलारच्या सोन्याच्या खाणींची. भाभांच्या प्रेरणेने बी. व्ही. श्रीकांतन १९५१ मध्ये त्या खाणींत उतरले आणि वेगवेगळ्या खोलीवर किती म्युऑन पोहोचतात ते मोजू लागले. किती खडकामागे किती म्युऑन उरतात, हे कोष्टकच डोंगराचे चित्र काढण्याचा पाया आहे. ज्याला खोलीवरून कणांची संख्या सांगता येते, त्याला संख्येवरून खडकाची जाडी सांगता येते. १९६५ मध्ये याच खाणीत, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, भारत, जपान व ब्रिटनच्या संयुक्त गटाने वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची नोंद केली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत दुसऱ्या गटालाही हे यश मिळाले. म्हणजे जगात पहिल्या रांगेत दोघेच, आणि त्यांत एक भारत. मग सोने महाग पडू लागले, खोल पातळ्या सोडून देण्यात आल्या, १९९० च्या दशकाच्या आरंभी प्रयोग आटोपले आणि २००१ मध्ये खाणीही बंद झाल्या. सोने संपत आले म्हणून विज्ञानाची खाणही बुजू दिली गेली! जपानने मात्र आपल्या कामिओका खाणीत प्रयोगशाळा थाटली. २००२ आणि २०१५ ही दोन नोबेल पारितोषिके त्या खाणीतील कामाने जपानला मिळवून दिली.

तिसरी कथा अजून संपलेली नाही. तामिळनाडूतील थेनी जिल्ह्यात डोंगराखाली भारतीय न्यूट्रिनो वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १,५०० कोटी रुपयांची मान्यता दिली. घोषणा जानेवारी २०१५ मध्ये झाली. ५० हजार टन चुंबकित लोखंडाचे संवेदक यंत्र तेथे बसणार होते. त्यानंतर विरोध, न्यायालये आणि परवानग्या यांचे चक्र सुरू झाले. २०२२ मध्ये तामिळनाडू शासनाने सर्वोच्च न्यायालयात प्रकल्पाविरुद्ध भूमिका घेतली. वाघांचा वावर, पाण्याचे झरे, खोदकामाचे स्फोट यांविषयीचे प्रश्न वाजवी आहेत आणि त्यांची उत्तरे मिळालीच पाहिजेत. पण न्यूट्रिनोमुळे किरणोत्सार पसरेल, ही भीती कोणत्या शास्त्रात बसते? न्यूट्रिनो प्रत्येकाच्या शरीरातून या क्षणीही अब्जावधींच्या संख्येने जात आहेत. ज्याला प्रश्न विचारायचे आहेत त्याने जरूर विचारावेत; ज्याला केवळ भय विकायचे आहे त्याला विज्ञानाच्या वाटेवर पथकर नाका उघडू देऊ नये. आणि ती जागा अयोग्यच ठरत असेल, तर दुसरी शोधावी. निर्णयच न करणे हा सर्वांत महागडा निर्णय होय.

एकाच रस्त्यावरची दोन चित्रे

आता पुन्हा चाकणला यावे. पुणे-नाशिक महामार्गावरचे हे कांद्याच्या बाजारपेठेचे गाव गेल्या काही दशकांत देशाच्या वाहन उद्योगाचे मर्मस्थान बनले आहे. जर्मन, जपानी, भारतीय अशा अनेक नामांकित वाहन आणि सुटे भाग निर्मात्यांचे कारखाने येथे आणि पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात आहेत. त्यांच्याभोवती शेकडो लहान कार्यशाळा आहेत. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूकही येथल्या कामगाराच्या नजरेतून सुटत नाही. हे कौशल्य कोणाहून रतिभर कमी नाही. कमी आहे ते एवढेच : ज्या आराखड्यावर हे हात चालतात, त्यातले कितीतरी आराखडे परदेशातून येतात. येथे वस्तू घडते, तिची कल्पना बहुधा अन्यत्र घडते. जॉबवर्कवर घर चालते, कारखानाही चालतो. राष्ट्राची प्रज्ञा मात्र त्यावर पोसली जात नाही.

चाकणला हे अशक्य आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने याच महामार्गाने नारायणगावकडे जावे. खोडदच्या माळावर ४५ मीटर व्यासाच्या ३० महाकाय तबकड्यांची रेडिओ दुर्बीण १९९० च्या दशकापासून उभी आहे. गोविंद स्वरूप यांनी ती कल्पिली आणि भारतीय अभियंत्यांनी उभारली. जाड पत्र्याच्या महागड्या तबकडीऐवजी दोरखंडांवर ताणलेली पोलादी तारांची जाळी, ही युक्ती परदेशाच्या आराखड्यातून आलेली नव्हती. ती इथल्या डोक्यातून आणि इथल्या परिस्थितीतून निघाली. आज जगभरचे खगोलशास्त्रज्ञ खोडदच्या दुर्बिणीवर वेळ मिळावा म्हणून अर्ज करतात. एकाच रस्त्यावर ही दोन चित्रे आहेत. एका ठिकाणी परक्या दृष्टीला आपले हात, दुसऱ्या ठिकाणी आपल्याच हातांना आपली दृष्टी.

म्युऑन टिपण्याचे यंत्र तरी कशाचे असते? उटीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या ‘ग्रेप्स-३’ प्रयोगात ५६० चौरस मीटरची म्युऑन दुर्बीण आहे. तिच्यात ३,७१२ चौकोनी पोलादी नळ्या आहेत. प्रत्येक सहा मीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद, आत वायू आणि मधोमध ताणलेली बारीक तार. चकाकणारे प्लास्टिक संवेदकही त्या प्रयोगशाळेने स्वतः बनविले. या दुर्बिणीने १ डिसेंबर २०१४ रोजी डोक्यावरून जाणाऱ्या गडगडाटी मेघाचे अंतरंग पाहिले. म्युऑनांची संख्या १८ मिनिटे सुमारे दोन टक्क्यांनी घटली, आणि त्या घटीवरून मेघातील विद्युतदाब १३० कोटी व्होल्ट असल्याचे २०१९ मध्ये सिद्ध करण्यात आले. मेघाच्या पोटातील शक्ती अशा रीतीने जगात प्रथम मोजली ती भारतात, चौकोनी पोलादी नळ्यांनी! चौकोनी नळी, वायू न गळणारा जोड, ताणलेली तार यांत चाकणच्या कार्यशाळेला परके असे काय आहे? प्रकाश टिपणारे सिलिकॉन संवेदक आज बव्हंशी बाहेरून आणावे लागतात, हे खरे. पण १९४१ मध्ये काच बाहेरून येत होती, हेही खरे होते. त्या धड्याची उजळणी किती वेळा करायची?

दोन सबबी

पहिली सबब : ‘याचा सामान्य माणसाला उपयोग काय?’ उत्तर पायाखाली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या शिलारसाचे थरावर थर साचून हा दख्खन बनला. आजही तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सह्याद्री म्हणजे थिजलेला अग्नीच. घट्ट काळा पाषाण, सच्छिद्र थर, मधले तांबड्या मातीचे पट्टे, प्रत्येकाची घनता निराळी. बोरघाटात रेल्वेचे बोगदे आहेत, कार्ले-भाजे येथे लेणी आहेत. त्यांत उपकरण ठेवले तर वरच्या डोंगराचे चित्र काढता येईल. शिवनेरी, लोहगडासह बारा किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा ठरले. त्यांच्या तटाबुरुजांच्या पोटातील पोकळी एकही दगड न हलविता शोधता आली तर ती खरी दुर्गसेवा होईल. आणि अंदमानात बॅरन बेट आहे : भारताचा एकमेव जागता ज्वालामुखी, समुद्रातून सुमारे ३५४ मीटर उंच. दीर्घ निद्रेनंतर तो १९९१ मध्ये जागा झाला; २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचा उद्रेक जहाजावरून पाहिला. त्याचा सुळका आकाराने म्युऑनच्या आवाक्यातला आहे. निर्जन बेटावर, खाऱ्या वाऱ्यात, महिनोन्महिने माणसाविना चालेल असे यंत्र करणे ही परीक्षा आहे खरी. पण ती परीक्षा कारखान्याची आहे, आणि चाकण तिला बसू शकते.

दुसरी सबब अधिक गोड, म्हणून अधिक घातक : ‘हे सारे आपल्या पूर्वजांना ठाऊक होतेच.’ पूर्वजांचा अभिमान ही राष्ट्राची शिदोरी आहे. ती बांधून पुढे चालायचे असते, तिच्यावर डोके टेकून झोपायचे नसते. ज्यांना पूर्वजांचा खरा गौरव करायचा आहे त्यांनी आधी बिभा चौधुरींचे नाव आपल्या मुलीला सांगावे. त्यासाठी कोणताही श्लोक ताणून अर्थ काढावा लागत नाही. तो पुरावा छापील आहे.

करायचे ते कठीण नाही. पुण्यातील एखाद्या विद्यापीठाने विषय घ्यावा, टाटा संस्थेने मार्गदर्शन करावे, चाकणच्या दहा उद्योजकांनी मिळून पहिले यंत्र घडवावे आणि शासनाने ते विकत घ्यावे. फुकट अनुदान नको. एक खरी मागणी हवी. पहिले यंत्र सह्याद्रीतील एखाद्या बोगद्यात चालवून पाहावे, दुसरे बॅरनला न्यावे. ज्या घरातील मुलगा या पट्ट्यात नोकरीला आहे त्या घराने त्याला पगाराबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : तू जे घडवतोस, त्याचा आराखडा कोणाचा?

फिरंगोजींच्या मावळ्यांनी जे हाती होते त्याने गड झुंजविला. त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्यांच्याजवळ जमिनीखाली पाहणारा डोळा नव्हता, कारण तो तेव्हा कोठेच नव्हता. आज तो आहे, तो घडविणारे हातही चाकणमध्येच आहेत. तरीही बुरुजाखाली भुयार खणले जात असताना आपण समोरच पाहत राहिलो, तर पुढची पिढी मात्र आपल्याला क्षमा करणार नाही.